खिडकीकडे वळलेला टीव्ही

पर्थ, १२ जानेवारी २०२५

ती. माक लोंग हिस,
यानाचा सलाम, वि. वि.

घरात फोन असताना ही पोरगी पत्र का लिहायला बसली, असं तू शेजारच्या सलमाहला विचारशील, म्हणून आधी तेच सांगते. माझ्या प्रबंधाचा विषय एकदाचा मंजूर झाला. आपल्या सातच्या मालिका आणि त्या बघणारी माणसं, असा विषय आहे. सगळं जग एकमेकांच्या घरात शिरलेल्या या काळात मलय माणूस मालिका बघताना स्वतःला कोण समजतो, ते शोधायचंय. तुला हसू येणार हे माहीत आहे. पंधरा वर्षं तू मला टीव्ही बंद करून अभ्यासाला बसवलंस आणि आता टीव्ही हाच माझा अभ्यास झालाय.

आमच्या प्राध्यापक बाई म्हणतात, फोनवर माणूस समोरच्याला बरं वाटेल ते बोलतो, कागदावर जरा खरं उतरतं. म्हणून प्रेक्षकांनी मला पत्रं लिहायची. तू प्रेक्षक क्रमांक एक. सोबत सतरा प्रश्नांची यादी आणि संमतीचा फॉर्म आहे. फॉर्ममध्ये 'संशोधकाशी नातं' असा रकाना होता, तिथे मी 'थोरली मावशी, आई गेल्यापासून आईच' असं लिहिलं. बाईंनी एका शब्दात लिही म्हणून परत पाठवला. मी तो तसाच पुन्हा दिला.

'उसनी सून' सुरू झालीय ना? पर्थचं आणि आपलं घड्याळ एकच, त्यामुळे सातला मीही इथे लॅपटॉप उघडून बसते. तू कोपऱ्यातल्या टीव्हीसमोर वेताच्या खुर्चीत, सलमाह चटईवर पाय पसरून, हे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय मला मालिका बघवत नाही. इथे दर सहा महिन्यांनी काही ना काही बदलतं. तुझं घर तरी आहे तस्सं आहे, याचा फार आधार वाटतो.

सलमाहकडून उत्तरं लिहून घेताना तिला तुझी उत्तरं सांगू नकोस. गुडघ्यांना तेल लावत जा. लोभ आहेच, तो प्रश्नावलीमुळे आटू नये एवढीच विनंती.

तुझी,
याना


लुबुक मेरांती, २७ जानेवारी २०२५

चि. यानास,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. फॉर्मवर सही केली आहे. खाली सलमाहचीही आहे, तिला सही करायला फार आवडते.

प्रश्न एक, आठवड्यात किती तास मालिका बघता. पाच. मशिदीत बांग देणाऱ्या बिलालना विचारलंस तर ते दहा सांगतील. ऐन मगरिबच्या वेळी मालिका ठेवणाऱ्यांचा राग ते आम्हा बायकांवर काढतात. बांग झाली की मी उठते, नमाज पढते, परत येते, तोवर मालिकेतल्या सासूने, दातिन मार्सिलाने, सुनेला जिन्यावरून ढकललेलं असतं. नेहमी नेमकं तेव्हाच ढकलते.

प्रश्न चार, मालिका बघून आपण मलय आहोत असं वाटतं का. मालिका बघायच्या आधीपासून मी मलयच आहे. मालिका बघून मात्र कधीकधी शंका येते. हीरो रागावला की इंग्रजी बोलतो, हिरॉईन लाजली की इंग्रजी बोलते, आणि देवाची आठवण आली की दोघं आपल्या भाषेत येतात.

प्रश्न नऊ, कोणतं पात्र आपल्यासारखं वाटतं. तुला काय उत्तर हवंय ते कळलं, पण मिळणार नाही. गावाकडची ती माक उंगू, जी घराच्या पायरीवर बसून शहरात गेलेल्या पोराची वाट बघते आणि खोकते, ती मी नाही. प्रत्येक मालिकेत ही बाई असते आणि शेवटून तिसऱ्या भागात मरते, म्हणजे पोराला पश्चात्ताप होतो. माझ्याही घराला पायऱ्या आहेत, पण मी त्या झाडायला जाते, बसायला नाही. मला खोकलाही नाही.

सलमाहशिवाय एक प्रेक्षक मिळाला. बहारोम चिकगू, तुला सहावीत भूगोल शिकवायचे ते मास्तर. बायको जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या टीव्हीवर वीज पडली, नवा घेईन म्हणतात, पण घाई दिसत नाही. आता विधवेच्या घरात परका पुरुष सातला बसला तर आठला धार्मिक खात्याची गाडी दारात. म्हणून ते ओसरीवर खुर्ची टाकून खिडकीतून बघतात, सलमाह आत चटईवर, आणि दार सताड उघडं. डास येतात, पण अब्रू राहते.

सतरावा प्रश्न, मालिकेमुळे आयुष्यातला एखादा निर्णय बदलला का, हा कोरा सोडते. एकसष्टाव्या वर्षी निर्णय उरलेत कुठे.

थंडीत कानाला फडकं बांध. सलमाह म्हणते तिथे आत्ता उन्हाळा आहे. तरी बांध. माया आहे तेवढीच राहील, फॉर्म भरला म्हणून वाढणार नाही.

तुझी,
माक लोंग


पर्थ, ९ फेब्रुवारी २०२५

ती. माक लोंग हिस,
सलाम, वि. वि.

बाईंना मी तुझं पत्र भाषांतर करून वाचून दाखवलं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि वर्गातली एक कोरियाची मुलगी उठून म्हणाली की आमच्याकडेही अगदी असंच आहे. तू इथे प्रसिद्ध झाली आहेस. सलमाहला सांगू नकोस.

तिच्या उत्तरांबद्दल मात्र बोलायला हवं. सतरापैकी चौदा तुझ्यासारखी आहेत, आणि उरलेल्या तिनांत 'कलथमला विचारा', म्हणजे तुलाच विचारा, असं लिहिलंय. तिला सांग, तिला खरंच जे वाटतं ते हवंय. कोरियन मालिका जास्त आवडत असतील तर तेही चालेल.

माक उंगूबद्दल मला थोडं वाईट वाटलं. मला ती आवडते. ती पायरीवर दिसली की मला आपलं घर दिसतं. हे मी बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या की परदेशात राहणारे प्रेक्षक गावाकडे बघतात ते असंच, ते एक प्रकरणच होईल. त्याचं नाव मी 'वाट बघणारं घर' असं ठेवलंय.

पुढच्या पत्रात घराबद्दल लिही. मालिका बघताना कोण कुठे बसतं, टीव्ही कुठे असतो, काय खाता, सगळं. संशोधनाला हे फार लागतं, आणि मलाही. दुरून जितका लोभ करता येतो तितका करत असलेली,

याना


लुबुक मेरांती, २४ फेब्रुवारी २०२५

चि. यानास,
आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत, रमजानची तयारी चालू आहे.

सलमाहला तुझा निरोप दिला. तिला जे खरं वाटतं ते लिही म्हटल्यावर ती दोन दिवस घाबरून बसली. मग कबूल झाली की दुपारी ती लपून कोरियन मालिका बघते. आता लपवायचं कारण संपल्यामुळे तिला धरबंध उरलेला नाही. येताजाता कमरेत वाकून नमस्कार करते आणि काल तिने त्यांच्या शेवया आपल्या आंबवलेल्या डुरियनच्या रश्शात घालून आणल्या. चिकगूंनी दोनदा घेतल्या. मी एकदाच घेतली, पण बरी होती असं तुझ्या प्रबंधात लिहायला हरकत नाही.

कोण कुठे बसतं ते विचारलंस. मी खुर्चीत, सलमाह चटईवर, चिकगू ओसरीवर. मावळतीचं ऊन काचेवर येतं म्हणून टीव्ही कोपऱ्यातून काढून थोडा खिडकीकडे वळवला आहे. आवाजही वाढवलाय, नदीवर मोटरहोड्या फार झाल्यात. सलमाह म्हणते आता तिला मान वाकडी करून बघावं लागतं. तिची मान आधीपासूनच तशी आहे.

खाण्याचं म्हणशील तर तळलेली केळी. चिकगूंना कडेची करपलेली आवडतात, म्हणून थोडी मुद्दाम करपवते.

चिकगू एक वही घेऊन येतात आणि मालिकेतल्या भूगोलाच्या चुका लिहितात. परवा हीरो क्वालालंपूरहून आपल्या इपोला निघाला आणि वाटेत गाडीच्या खिडकीतून समुद्र दाखवला. चिकगू ओसरीवर उभेच राहिले. पंधरवड्यात अशा तेवीस चुका झाल्यात. टीव्हीवाल्यांना पत्र लिहिणार आहेत, ते मी तपासून द्यायचं आहे. भूगोल त्यांचा, पण रागाचं लिखाण माझं चांगलं, असं त्यांचं मत.

माक उंगू या आठवड्यात जास्त खोकते आहे. चिकगू म्हणाले, या बाईला कुणी डॉक्टरकडे का नेत नाही, गावात दवाखाना आहे, बस आहे. मी म्हटलं, डॉक्टरकडे नेली तर बरी होईल आणि मग मालिका कशी चालेल. त्यावर त्यांनी वही मिटली. मग म्हणाले की बरी झालेली बाई दाखवणारी मालिका निघाली तर ते आधी बघतील.

तुझी चौकशी करत होते. त्यांचा हरिथ कुआंतानला इंजिनिअर आहे, त्याचंही यंदा बघायचं म्हणतात. फार सालस मुलगा.

रमजानात जपून राहा. इथल्या मायेचा आवाजही आता वाढवलाय असं समज.

तुझी,
माक लोंग

ता. क. नवीन फिकट हिरवा हिजाब घेतला. जुना विरला होता, दुसरं काही कारण नाही.


पर्थ, ९ मार्च २०२५

ती. माक लोंग हिस,
सलाम, वि. वि. आणि रमजान मुबारक.

तुला एक गंमत सांगते, पण रागावू नकोस. आठवडाभर मी रोज सातला मालिका लावायची, मध्ये आपल्या टीव्हीवरची बांग व्हायची, आणि ती ऐकून खजूर तोंडात टाकायची. तुझ्याबरोबर रोजा सोडते आहे असं वाटून डोळे भरून यायचे. काल मशिदीतल्या एका सुदानी बाईने मला विचारलं की तू इतकी का सुकलीस. तेव्हा कळलं की इथे सूर्य पावणेसातच्या आतच मावळतो. मी रोज पाऊण तास जास्त उपाशी राहत होते, क्वालालंपूरच्या सूर्यासाठी. आमच्या प्राध्यापक बाई म्हणाल्या, हे प्रबंधात घाल.

हिरव्या हिजाबचा फोटो पाठव. तुझी बिस्किटं फार आठवतात. एक डबा पाठवशील? इथे मिळतात, पण ती खाल्ल्यावर कपड्यांवर साखर सांडत नाही, मग कसली ईद.

हरिथबद्दल वाचलं. सालस असेल. मला त्याबद्दल आणखी काही कळायची इच्छा नाही, हे प्रेमाने सांगते. भुकेली आणि तुझ्या मायेची,

याना


लुबुक मेरांती, १९ मार्च २०२५

चि. यानास,
आशीर्वाद. तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग रडले. पाऊण तास उपाशी राहिलीस, ठोंबे. आमच्याकडे उलटी तऱ्हा. टीव्हीवरची बांग राजधानीची, आपल्याकडे सूर्य तीन-चार मिनिटं उशिरा मावळतो, आणि सलमाहने दोन दिवस टीव्हीची बांग ऐकून सरबत पिऊन टाकलं. बिलालनी सांगितलं की ते दोन्ही रोजे पुन्हा धरावे लागतील. तुमच्या दोघींची बेरीज करून भागली असती तर बरं झालं असतं.

बिस्किटांचा डबा सोबत आहे. यंदा मी स्वतः केली नाहीत, गुडघे दुखतात, आणि घरात अकरा डबे लोकांकडून आले आहेत. तुला पाठवते तो चिकगूंनी परवा आणून दिला. शेंगदाण्याच्या कुटाची, पिठीसाखरेत घोळवलेली, तुला आवडतात ती. मला दाणे वर्ज्य आहेत, सांधे सुजतात, हे त्यांना ठाऊक नसावं. डबा ओसरीवर ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि मालिका न बघताच गेले. डब्याला चारही बाजूंनी इतकी चिकटपट्टी लावली आहे की मी उघडलाच नाही. पोस्टातला माणूसही म्हणाला, वा, याला म्हणतात पॅकिंग. तुला पाठवलाय हे त्यांना सांगू नकोस, वाईट वाटेल. मलाही थोडं वाटलंच.

टीव्ही आता सरळ खिडकीसमोर आहे. वायर तिथेच नीट पुरते.

डबा फोडताना हात कापू नकोस. माया सोबत बांधली आहे, तिला चिकटपट्टी लागत नाही.

तुझी,
माक लोंग


पर्थ, २ एप्रिल २०२५

ती. माक लोंग हिस,
सलाम आणि ईद मुबारक, वि. वि.

डबा काल मिळाला. कस्टमवाल्यांनी उघडून पाहिला होता आणि पुन्हा नीट बंद केला होता. बिस्किटांच्या तळाशी, बटरपेपरखाली, एक सोन्याची अंगठी निघाली. तिला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीत लिहिलंय, 'ईदच्या पाचव्या दिवसापर्यंत परत आली नाही, तर रिवाजाप्रमाणे होकार समजेन. बहारोम.' नाव कुणाचं घातलेलं नाही. घालायची गरजच काय.

माक लोंग, मी फोनवर हे बोलले नाही, कारण काल तुझा फोन नेहमीसारखा स्पीकरवर होता, सलमाहच्या हातात होता, आणि मागे ओसरीवर चिकगू घसा खाकरत होते. पण मला फार वाईट वाटलंय. तू मला हरिथसाठी अशी गुपचूप अंगठी पाठवशील, असं कधी वाटलं नव्हतं. मालिकेतल्या आयाही निदान पोरीला दिवाणखान्यात बोलावून सांगतात. मागणीची अंगठी मुदतीत परत गेली नाही तर होकार, हे मलाही ठाऊक आहे. डबा मिळाला ईदच्या दुसऱ्या दिवशी. पाचव्या दिवसापर्यंत ती इथून आपल्या पेराकला कशी पोचणार? हा तर सापळाच झाला.

चिकगूंचा पत्ता माझ्याकडे आहे. सोमवारी पोस्टात जाऊन अंगठी थेट त्यांनाच परत पाठवते, उशिराबद्दल माफी मागून. तुला मध्ये घालत नाही, म्हणजे तुझा त्यांच्याशी वाईटपणा नको.

बिस्किटं छान आहेत. हे लिहिताना साखर सगळ्या टेबलावर सांडलीय. रागावलेली, पण लोभ न सोडलेली,

याना


लुबुक मेरांती, ५ एप्रिल २०२५

चि. मार्दियाना ऊर्फ याना हिस,
सप्रेम सलाम आणि आशीर्वाद. विशेष असे की, सेवानिवृत्त शिक्षकाने आपल्या माजी विद्यार्थिनीस असे पत्र लिहिण्याचा प्रसंग विरळा. तरी शांतपणे वाचावे.

तुझ्या मावशीस मी गेल्या महिन्यात आपल्या रिवाजाप्रमाणे अंगठीने विचारणा केली. वास्तविक वडीलधाऱ्यांना सुपारीचे तबक घेऊन पाठवायला हवे होते, परंतु माझे सर्व वडीलधारे निवर्तले आहेत आणि उरलेला वडीलधारा मीच आहे. समक्ष बोलण्याचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा मालिकेत काहीतरी घडले. अखेर 'उसनी सून'च्या बाराव्या भागात नायकाने केले तसे अंगठी बिस्किटांच्या डब्यात ठेवली. मालिकांवर मी एरवी टीका करतो, पण ही कल्पना मला बरी वाटली.

आज ईदचा सहावा दिवस. अंगठी परत आलेली नाही. ती भली बाई याबद्दल एक शब्दही बोलत नाही आणि नेहमीसारखी करपलेली केळी देते, यावरून तिच्या स्वभावाची खोली कळते. तू तिची मुलगीच आहेस, तेव्हा तुझी अनुमती मिळाल्याशिवाय पुढची तारीख धरणार नाही. माझ्याकडून भेटवस्तूंची पाच तबके, तुमच्याकडून रिवाजाने सात. हरिथचे ठरले आहे, तो आनंदात आहे.

सहावीत ऑस्ट्रेलियाच्या नकाशात तू टास्मानिया विसरली होतीस, आणि मी अर्धा गुण कापला होता. तो या निमित्ताने परत देत आहे. आपला स्नेह वाढण्याची वाट पाहणारा,

बहारोम


लुबुक मेरांती, १५ एप्रिल २०२५

चि. यानास,
आशीर्वाद. तुझं दोन तारखेचं पत्र आज दुपारी मिळालं. वाचता वाचता मी घराच्या पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा बसले, आणि मला ठसकाही लागला. सलमाह पाणी घेऊन धावली. तिला वाटलं माझाही शेवटून तिसरा भाग आला.

अगं वेडे, अंगठी तुझी नाही. हरिथचं कुआंतानच्या एका दातांच्या डॉक्टरणीशी ठरलंय. अंगठी माझी आहे. मला विचारलं होतं, आणि मी ते विचारणं न उघडताच पोस्टात टाकलं, वर पोस्टातल्या माणसाकडून कौतुक करून घेतलं.

आता मला उलगडा होतो. ईदच्या सहाव्या दिवसापासून चिकगू इस्त्रीचा शर्ट घालून येतात. दातिन मार्सिला सुनेला टाकून बोलते तेव्हाही ते गालात हसतात. भूगोलाच्या चुका लिहिणं सोडून दिलंय. मला वाटत होतं मालिका सुधारली. तो माणूस दहा दिवस माझ्या होकारावर जगतोय, आणि मला विचारलंय हेच मला माहीत नव्हतं.

मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगू काय? तू सोमवारी पोस्टात जाणार होतीस. गेली असशील तर अंगठी आज-उद्या त्यांच्या दारात पडेल, आणि परत आलेली अंगठी म्हणजे नकार, यात दुसरा अर्थच नाही. तुला फोन करून उपयोग नाही. टाकली असशील तर टाकलीच असशील. आणि खरं सांगायचं तर तुझ्या तोंडून ऐकायचा मला धीर नाही. इतकी वर्षं तुला मी शहाणपण शिकवलं आणि आज पोस्टमनची सायकल वाजली की मीच खिडकीमागे लपते. तो चिकगूंच्या घराशी थांबतो का तेवढं बघते. आज थांबला नाही.

तुझ्या सतराव्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं ते लिहून घे. मालिकेमुळे निर्णय बदलला का. होय, बदलला. मला त्या माक उंगूसारखं पायरीवर बसून खोकायचं नाही. तू 'वाट बघणारं घर' असं नाव ठेवलंस तेव्हा मी काही बोलले नाही, पण मला ते लागलं. तू ये, जेव्हा येशील तेव्हा ये, मी केळी तळीन. पण तुझी वाट बघणं एवढंच माझं काम नाही. मला एका माणसासाठी हिरवा हिजाब घालावासा वाटतो, आणि ते मी तुझ्यापासून लपवलं. तुला तुझं घर तस्संच हवं होतं ना, म्हणून.

मला कुणाची परवानगी नको आहे. इपोच्या भावाला मी सांगीन, निकाहाला वली म्हणून, वधूकडचा पालक म्हणून, तो उभा राहील. पण तुला आवडलं नाही तर मला सुख लागणार नाही, हेही खरं आहे. अंगठी अजून तुझ्याकडे असेल तर ठेव. नसेल तर मला कळव, म्हणजे मी स्वतः त्यांच्या ओसरीवर जाऊन खिडकीबाहेर उभी राहून सांगीन.

माया कमी करू नकोस. आज मला ती मागावी लागते आहे.

तुझी,
माक लोंग


पर्थ, २६ एप्रिल २०२५

ती. माक लोंग हिस,
सलाम, वि. वि.

अंगठी माझ्याकडे आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं पत्र तू बसून वाचशील. पायरीवर बसलीस तरी चालेल.

सोमवारी मी खरंच पोस्टात गेले होते. फॉर्मवर 'वस्तू कुणाची' असा रकाना होता. माझं नाव लिहिण्याआधी सहज अंगठी बोटात घालून पाहिली तर ती गरागरा फिरली. मधल्या बोटातही फिरली. फक्त अंगठ्यात बसली. हरिथच्या बापाने सुनेच्या मापात एवढी चूक कशी केली, असा विचार करत मी रांगेतून बाहेर आले. भूगोलाचा मास्तर, माप चुकणारा नाही.

घरी येऊन तुझी पत्रं काढली. आम्ही संशोधक पत्रांवर रंगीत खुणा करतो, म्हणजे परंपरेला हिरवी, परदेशाला पिवळी, असं. चिकगूंना मी रंगच दिला नव्हता, विषयाशी संबंध नाही म्हणून. त्या दिवशी त्यांना लाल रंग दिला आणि तुझी पत्रं वरपासून खालपर्यंत लाल झाली. मग मी टीव्हीला निळा दिला. जानेवारीत तो कोपऱ्यात होता. फेब्रुवारीत थोडा वळला, ऊन येत होतं म्हणून. मार्चमध्ये सरळ खिडकीसमोर, वायर पुरते म्हणून. तुझ्याकडे मावळतीचं ऊन स्वयंपाकघरात येतं, माक लोंग. त्या घरात मी पंधरा वर्षं राहिले आहे. तीन वर्षांच्या शिक्षणात मला एवढं दिसू नये, याची लाज वाटली आणि मग एकटीच हसत बसले.

त्याच वेळी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण हसून झाल्यावर मला रडू आलं. तुला चिकगू आहेत म्हणून नाही. मला तू त्या पायरीवर हवी होतीस म्हणून. मी इथे हवी तशी बदलणार, आणि तू मात्र तिथे वेताच्या खुर्चीत तश्शीच राहायचं. मी पाऊण तास उपाशी राहिले ते तुझ्यासाठी नव्हतं, त्या खुर्चीसाठी होतं. मला माफ कर. त्या प्रकरणाचं नाव मी खोडलं आहे, नवं अजून सुचलेलं नाही. बाई म्हणतात, प्रेक्षक क्रमांक एकची माहिती आता वापरता येणार नाही, कारण प्रेक्षक स्वतःच मालिकेत शिरली आहे. मी म्हटलं चालेल, सलमाह आहे.

चिकगूंना मी उत्तर पाठवलंय. अनुमती द्यायची मी कोण, पण त्यांनी मागितली तर दिली. टास्मानियाच्या अर्ध्या गुणाचे आभारही मानले. डबा तू न उघडताच मला पाठवलास, हे मी त्यांना लिहिलेलं नाही. ते तू सांगायचं की नाही, तुझं तू ठरव. माझं मत विचारशील तर लग्नानंतर सांग.

मी सहा जूनला येते, बकरी ईदच्या आदल्या दिवशी. अंगठी माझ्या हातानेच आणते, अंगठ्यात घालून, दोरा गुंडाळून. इपोच्या मामाला सांग की सात तबकांतलं एक माझं, त्यात काय ठेवायचं ते मी बघते. विमान दुपारचं आहे, इपोहून बस धरून घरी पोचायला सात वाजतील. तुझी मालिका चालू असेल. उठू नकोस, दार उघडंच असेल, मी येऊन चटईवर सलमाहशेजारी बसेन.

फक्त निकाहाचा अक्द झाल्याच्या दिवशी एक काम कर. टीव्ही परत कोपऱ्यात नेऊन ठेव, सलमाहची मान फार दिवस वाकडी झाली. चिकगू आता आत बसतील.

आता तुमच्या दोघांच्या लोभात वाटा मागणारी,

याना